एकदा फसलेला इलाज पुन्हा करावा काय?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. तापीकाठच्या एका मंडळीत उपासना आटोपली, लोक छत्र्या घेऊन निघाले, आणि एक भगिनी मागे थांबली. सर्व निघून गेल्यावर ती म्हणाली, “साहेब, चार वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. ती फुकट गेली. आता डॉक्टर म्हणतात, दुसरी करावी लागेल. एकदा देवाने दिलेली संधी मी घालविली. पुन्हा मागणे हे पाप आहे काय?”

मी तिला त्या दिवशी जे उत्तर दिले ते अपुरे होते. तो प्रश्न मनात घेऊन मी पुष्कळ दिवस हिंडलो, जाणत्या डॉक्टरांना विचारले, शास्त्र पुनः उघडून पाहिले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो. कारण असा प्रश्न आज एका घरचा आहे, उद्या तो दुसऱ्या घरी येईल, आणि त्या वेळी लोक सल्ल्यासाठी प्रथम आपल्या पाळकाकडे व उपदेशकाकडे येतील.

त्या भगिनीची हकिगत थोडक्यात अशी. वजन ११८ किलो, मधुमेह, गुडघे धरलेले. नवऱ्याने केळीच्या दोन पिकांचा पैसा व काही कर्ज एकत्र करून तिला एका मोठ्या शहरात नेले. शस्त्रक्रिया झाली. वर्ष-दीड वर्षात वजन ८२ किलोवर आले, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. उपकारस्तुतीच्या सणाच्या दिवशी तिने मंडळीपुढे उभे राहून साक्ष दिली, आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्यानंतर वजन हळूहळू परत चढले. आज ते १०४ आहे. साखर वाढली आहे, आणि रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते, म्हणून ती उशीला टेकून बसूनच झोपते. दीर म्हणतो, “खाऊन घालविले.” सासूबाई त्या विषयावर बोलतच नाहीत. प्रीतिभोजनाच्या दिवशी ती सर्वांना वाढते, स्वतः पंक्तीस बसत नाही, आणि घरी जाऊन एकटी जेवते. कित्येक महिने ती प्रभुभोजनासही पुढे आली नव्हती. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “माझी साक्ष खोटी ठरली, साहेब.”

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा रोग आहे, आमच्या खेड्यापाड्यांना त्याचे काय? सातपुड्याच्या कुशीत, धडगाव-अक्कलकुव्याकडे, अद्याप मुले कुपोषणाने खंगतात, आणि आपण लठ्ठपणाच्या गोष्टी कराव्यात हे शोभते काय? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो विसरता कामा नये. तथापि वस्तुस्थिती अशी आहे की एकाच जिल्ह्यात उपासमार व स्थूलता शेजारी राहू लागली आहेत. २०१९ ते २०२१ ह्या काळात सरकारने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की भारतातील सुमारे २४ टक्के प्रौढ स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे. केवळ खेड्यांतील स्त्रिया घेतल्या तरी तो आकडा २० टक्क्यांच्या जवळ जातो. शेतातले काम यंत्राने घेतले, ज्वारी-बाजरीच्या जागी गहू, तांदूळ आणि तेल आले, आणि चहा-बिस्किटे व फरसाण गल्लीतल्या दुकानात मिळू लागले. शिवाय ज्याचे गुडघे रात्रभर ठणकतात त्याचे दुखणे गरिबाचे की श्रीमंताचे हे विचारण्याचा अधिकार आपणांस नाही. प्रभूने रोग्याची मिळकत विचारून कोणाला बरे केल्याचे आपण वाचत नाही.

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. सध्या पुष्कळ ठिकाणी जी केली जाते तिला ‘स्लीव्ह’ म्हणतात. तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात, आणि उरलेले जठर केळ्यासारखे लांबट, नळीसारखे राहते. थोडक्या अन्नाने पोट भरते, आणि भूक चेतविणारा एक रस जठराच्या ज्या भागात मुख्यतः तयार होतो तो भाग निघून गेल्यामुळे भूकही मंदावते. दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे ‘बायपास’. तिच्यात जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट पुढच्या आतड्यास जोडतात. २०११ साली नितीन गडकरी यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ह्या उपायाची चर्चा आपल्या गावांपर्यंत पोहोचली.

ह्या विद्येचा इतिहास पाहिला तर पहिल्या प्रयत्नाचे अपयश तिच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे असे दिसते. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यवैद्यांनी आतड्याचा मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वजन उतरले, पण पुढे कित्येकांचे यकृत व मूत्रपिंड बिघडले, आणि पुष्कळांचे पोट दुसऱ्यांदा उघडून आतडे पूर्ववत जोडावे लागले. ती पद्धत अखेर सोडून देण्यात आली. १९६६ साली आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला. आणि आज जिला आपण पूर्ण शस्त्रक्रिया समजतो ती ‘स्लीव्ह’ देखील आरंभी अतिशय स्थूल रोग्यांसाठी एका मोठ्या शस्त्रक्रियेची केवळ पहिली पायरी म्हणून केली जात असे. पुढे ज्यांना पहिल्या पायरीनेच गुण आला त्यांच्यावरून ती स्वतंत्रपणे रूढ झाली. तेव्हा एखाद्याला दुसरी पायरी लागली तर त्यात नवल किंवा लाज वाटण्याजोगे असे काय आहे?

आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. वसई येथील एका स्त्रीचे वजन ३०० किलोपर्यंत गेले होते आणि ती अंथरुणास खिळली होती. डॉ. शशांक शहा यांनी तिच्यावर २०१५ साली पहिली शस्त्रक्रिया केली, आणि २०१७ साली दुसरी, म्हणजे बायपास. २०१९ साली तिचे वजन ८६ किलोवर आल्याचे वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाले. अशा मनुष्याला कोणी “तू दोनदा का गेलीस?” असे विचारीत नाही. मग जिचे वजन पहिल्याने उतरून पुन्हा चढले तिलाच आपण तो प्रश्न का विचारतो? कारण उघड आहे. पहिलीच्या बाबतीत आपण म्हणतो की रोग मोठा होता. दुसरीच्या बाबतीत म्हणतो की मनुष्य खोटा होता.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. परत आलेले वजन हे पापाचे चिन्ह आहे काय?

खादाडपणा हे पाप आहे, ह्याविषयी ख्रिस्ती मनुष्याला शंका नसावी. परंतु खादाडपणा तराजूवर मोजता येत नाही. सडपातळ मनुष्य पोटाला देव मानणारा असू शकतो, आणि जड शरीराचा मनुष्य संयमी असू शकतो. शरीराची रचनाच अशी आहे की ते आपले पूर्वीचे वजन राखू पाहते. उपासमारीच्या काळात आपले पूर्वज ह्याच गुणामुळे जगले. २०१६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन कमी करण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते. तरीही त्यांचे शरीर दररोज अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळीत होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर रोजच्या अदमासे दीड मोठ्या भाकरीची ही तूट आहे. शेजारीण जेवढे खाऊन आहे तशी राहते, तेवढेच खाऊन ही जाड होते. त्यात हिचा अपराध किती?

ज्या स्वीडन देशातून मिशनरी खानदेशात आले, त्याच देशात १९८७ साली आरंभ झालेल्या एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० लोकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले, परंतु दहा वर्षांनी ती उतार २५ टक्क्यांवर आली. इतर पद्धतींत ती ह्याहूनही कमी राहिली. म्हणजे थोडे वजन परत येणे हा सामान्य नियम आहे. आणि तरीसुद्धा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी होते. अपुरे यश हेही यशच होय, हे त्या आकड्यांवरून दिसते.

पण सत्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा दयाळूपणा नव्हे. लहान केलेल्या जठरातून भाकरीचा घास सावकाश उतरतो. परंतु साखरेचा चहा, उसाचा रस, बिस्किटे आणि तोंडात विरघळणारी शेव ही सहज निसटून जातात, आणि पोट भरल्याची जाणीव होत नाही. दिवसातून आठ कप गोड चहा पिऊन कोणी म्हणेल, “मी तर दोनच घास जेवते,” तर ते खरेही आहे आणि खोटेही आहे. अशा वेळी आतडे दुसऱ्यांदा जोडले तरी चहाचा पेला तसाच राहतो. म्हणून ज्यात रोग्याचा दोष नाही आणि ज्यात आहे, ही दोन्ही वेगळी करून पाहणे अवश्य आहे. आणि ते पाहण्याचे काम रोग्याचे व डॉक्टरांचे आहे, पंक्तीत बसलेल्या आपले नव्हे. योबाच्या मित्रांनी सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसून काढले तोवर ते चांगले मित्र होते. त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधण्यास आरंभ केला तेव्हा ते बिघडले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला.

ह्या विचारात असता मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील बेथसैदाचा आंधळा मला आठवला. आपण सर्वांनी ती गोष्ट शब्बाथशाळेत ऐकली आहे, पण तिच्यातील एक विलक्षण गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. प्रभूने त्या मनुष्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि त्याला काही दिसते काय असे विचारले. त्या मनुष्याला माणसे दिसली, परंतु स्पष्ट नव्हे, चालत्या झाडांसारखी. आता विचार करा. त्याला गावाबाहेर हाताला धरून आणणारा प्रत्यक्ष प्रभू समोर उभा आहे. अशा वेळी ‘होय, सर्व दिसते’ असे म्हणण्याचा मोह किती मोठा! बरे करणाऱ्याचा मान राहील, आपला विश्वास मोठा दिसेल, लोक स्तुती करतील. परंतु त्याने जेवढे दिसले तेवढेच सांगितले. आणि प्रभूने त्याला अविश्वासू म्हटले नाही, रागावला नाही, पहिला स्पर्श वाया घालविलास असेही म्हटले नाही. त्याने पुन्हा हात ठेवले, आणि त्या मनुष्याला सर्व स्वच्छ दिसू लागले.

दुसरा स्पर्श त्याला मिळाला तो त्याने पहिल्याविषयी खरे सांगितले म्हणून. माझ्या मते ह्या सर्व प्रश्नाची किल्ली येथे आहे. दुसऱ्यांदा इलाज मागणे हे पाप नाही. परंतु पहिल्या इलाजाने काय झाले व काय झाले नाही हे खरेपणाने सांगितल्यावाचून दुसरा इलाज मागणे धोक्याचे आहे. आणि ज्या घरात, ज्या मंडळीत खरे सांगणाऱ्याची थट्टा होते तेथे मनुष्याला खरे सांगताच येत नाही. तो मग एकतर लपून बसतो, नाहीतर लाज धुऊन काढण्याकरिता घाईने शस्त्रक्रियेच्या मेजावर जाऊन निजतो. दोन्ही वाटा वाईट आहेत.

तेव्हा निर्णयापूर्वी चार गोष्टींचे उत्तर खरेपणाने द्यावे, असे मी त्या भगिनीस पुढे सुचविले.

पहिली गोष्ट: शस्त्रक्रिया कशासाठी केली होती, आणि ती कशात फसली? केवळ काट्यावरच्या आकड्यात, की जगण्यात? २०१७ साली मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्त देशातील एका अत्यंत स्थूल स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया झाली. वजन पुष्कळ उतरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. बहिणीने मात्र तिच्या प्रकृतीविषयी जाहीर असमाधान दर्शविले. पुढे तिला अबुधाबीस नेण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती मरण पावली. कोण बरोबर होते हे ठरविणे आपले काम नाही. पण एकाच रोग्याकडे पाहून एकाला यश दिसते व दुसऱ्याला दिसत नाही, कारण दोघांची मापे वेगळी असतात, हे त्यावरून शिकावे. आपल्या भगिनीचे वजन आजही पहिल्यापेक्षा १४ किलोंनी कमी आहे. ते फुकट गेले असे म्हणता येत नाही. तिचे खरे दुखणे आज साखर आणि रात्रीची जळजळ हे आहे. इलाज त्या दुखण्याचा शोधावा, चार वर्षांपूर्वीच्या छायाचित्राचा नव्हे.

दुसरी गोष्ट: फसण्याचे कारण कोणते? उरलेले जठर पुन्हा ताणले गेले असेल, छातीच्या पडद्याजवळ काही बिघाड असेल, थायरॉइडचा किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असेल, खाण्याच्या सवयी असतील, मनाचे दुःख असेल. दुर्बिणीने तपासणी, पातळ औषध पाजून घेतलेले क्ष-किरण चित्र, रक्ताची परीक्षा आणि आहार जाणणाऱ्याशी बोलणे ह्यांवाचून हे कळत नाही. स्लीव्हनंतर ज्यांना आंबट पाण्याचा त्रास जडतो त्यांच्यासाठी बायपासमध्ये बदल करणे हा एक मान्य उपाय आहे, आणि तेथे दुसऱ्या शस्त्रक्रियेला वजनापलीकडचे कारण असते. परंतु कारण चहाच्या पेल्यात असेल तर सुरी त्याला पोहोचत नाही. ज्याने पहिली शस्त्रक्रिया केली त्याचे मत घ्यावे, आणि ज्याला त्यात काहीच मिळावयाचे नाही अशा दुसऱ्या वैद्याचेही घ्यावे. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आहे. ह्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरी जावे लागले तरी कागद वाचून समजावून सांगणारा वैद्य जवळ मिळू शकतो. त्याला विचारण्यास लाजू नये.

तिसरी गोष्ट: दुसरा मार्ग आहे काय, आणि ह्या मार्गातील धोका कोणता? दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते. पोटात जुने व्रण असतात, अवयव एकमेकांस चिकटलेले असतात, जोडातून गळती होण्याचे भय अधिक असते, आणि वजन सहसा पहिल्यावेळेइतके उतरत नाही. हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले नाही तर आपण स्पष्ट विचारावे. २०२५ साली भारतात भूक कमी करणारी नवी टोचून घ्यावयाची औषधे आली: मार्च महिन्यात टिर्झेपटाइड, आणि जून महिन्यात वजनासाठी सेमाग्लुटाइड. शस्त्रक्रियेनंतर वजन परत आलेल्या काही रोग्यांस डॉक्टर ती देतात. तीही जादू नव्हेत. औषध थांबविले की पुष्कळांचे वजन परत येऊ लागते, आणि खर्च दर महिन्याचा असतो. परंतु सुरीशिवाय दुसरी वाट आहे हे ठाऊक नसताना घेतलेला निर्णय पुरा निर्णय नव्हे.

चौथी गोष्ट: पुढचे ओझे कोण वाहणार? बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने शिकविले आहे. ह्या हिशेबात रुग्णालयाचे बिल ही केवळ पहिली ओळ आहे. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व ब-१२ ह्यांची औषधे जन्मभर घ्यावी लागतात, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, आणि डाळ, अंडी, दूध असे बलवर्धक अन्न आधी खावे लागते. ते न केल्यास मनुष्य बारीक होतो खरा, पण रक्तक्षयाने व दुबळेपणाने. जमीन विकून बिल भागेल; पण पुढच्या वीस वर्षांच्या गोळ्या कशातून येतील? विमा असल्यास त्यातील अटी आधी वाचाव्या, कारण लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेस विमा कंपन्यांच्या ठरावीक अटी असतात. आणि मुलीचे शिक्षण, सासूबाईंचे औषध, फेडावयाचे जुने कर्ज, ही सर्व त्याच कागदावर लिहावीत. मात्र एक रक्कम त्या कागदावर मुळीच लिहू नये: पहिल्या शस्त्रक्रियेत गेलेला पैसा. तो गेला. ‘एवढे घातले, आता थांबलो तर ते बुडेल’ ह्या विचाराने कित्येक शेतकरी वाळलेल्या विहिरीत आणखी दोन परस खोदतात. खोदावयाचे असेल तर खाली पाणी आहे म्हणून खोदावे, आधी खोदले म्हणून नव्हे.

ह्या चार गोष्टींचे उत्तर दिल्यावर एक मनुष्य ‘होय’ म्हणेल आणि दुसरा ‘नाही’ म्हणेल, आणि दोघेही देवापुढे सरळ असू शकतील. नामानाला यार्देनेत सात वेळा बुडी मारावी लागली. सहाव्यांदा वर आला तेव्हाही तो कोडीच होता, पण त्याने सातवी बुडी सोडली नाही. उलट पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीन वेळा प्रार्थना केली, आणि काटा राहिला. तरीही देवाने त्याला टाकले असे नव्हे. त्या काट्यासह चालण्याची शक्ती त्याला मिळाली. आपणांस सातवी बुडी सांगितली आहे की काटा सोसण्यास सांगितले आहे, हे बाहेरच्या कोणी ठरवू नये. वैद्याचा सल्ला, घरचा हिशेब आणि प्रार्थना ही तिन्ही एकत्र ठेवून ज्याचे त्याने ठरवावे, आणि मग कोणी त्याला टोचू नये.

आता मंडळीविषयी, आणि प्रथम माझ्याविषयी. त्या भगिनीने साक्ष दिली तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत मी होतो. एवढेच नव्हे, पुढे दोन गावी उपदेशात मी तिची गोष्ट सांगितली; जणू प्रभूची कीर्ती एका बाईच्या कंबरेच्या मापावर अवलंबून होती. आणि जेव्हा वजन परत चढू लागले तेव्हा एकदा चार माणसांत हसत हसत मीच म्हणालो, “काय बाई, पथ्य सुटले वाटते?” ती हसली. त्यानंतर ती प्रभुभोजनास आली नाही, आणि मी ती दोन्हींची सांगड कित्येक महिने घातली नाही. बेथसैदाच्या मनुष्याला आधीच टाळ्या वाजवून घरी पाठविले असते तर तो जन्मभर माणसांना झाडे समजत राहिला असता. मी तसेच केले होते. मी तिच्याकडे जाऊन क्षमा मागितली.

तिची साक्ष खोटी ठरली नव्हती. त्या दिवशी जेवढे दिसले तेवढे तिने सांगितले. खोटी होती ती आमची समजूत, की साक्ष म्हणजे शेवटचा शब्द आणि त्यानंतर मनुष्याला काही होता कामा नये.

तिने अद्याप निर्णय केलेला नाही. तपासण्या झाल्या आहेत. दुसऱ्या वैद्याने सांगितले की जळजळीचे कारण खरे आहे, पण सहा महिने आहार व औषध पाहून मग शस्त्रक्रियेचे ठरवावे. नवऱ्याने शेत विकण्याचे बोलणे तूर्त थांबविले आहे. चहा ती आता दोनच वेळा घेते, आणि हे तिने मला न विचारता सांगितले. मागच्या महिन्यात ती प्रभुभोजनास पुढे आली. उपासनेनंतर प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा उभी राहून म्हणाली, “मला अर्धे बरे वाटले होते, ते मी पूर्ण म्हणून सांगितले. माझ्यासाठी पुन्हा प्रार्थना करा.” कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. दीर मागच्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या मंडळीतही असा कोणी असेल. त्याच्यासाठी मोठे काही करावयाचे नाही. प्रीतिभोजनाच्या दिवशी वरण-बट्टी वाढताना “अजून एक घ्या” असा आग्रह करू नका, आणि तो किती घेतो हे मोजीतही बसू नका. त्याच्या शेजारी आपले पान मांडून बसा. रुग्णालयात जावयाचे असेल तर एक जण सोबत जा आणि डॉक्टर सांगतील ते कागदावर लिहून आणा, कारण भ्यालेल्या मनुष्याच्या कानी अर्धेच शिरते. आणि त्याला काय दिसते असे विचाराल तेव्हा त्याचे उत्तर अर्धवट असले तरी ऐकून घेण्याइतका वेळ ठेवा.